कात्रीकडून नेसणीकडे

जुन्या वळणाचं कापड आजच्या बाईच्या अंगावर यायचं, तर त्याचा आकार बदलायला हवा, या मतावर माझा व्यवसाय उभा राहिला. पुण्यात मी कपडे शिवते. ब्लाऊज, परकर, कुर्ते हे रोजचं काम. पण नाव झालं ते जुन्या साड्यांचे नवे कपडे करणारी म्हणून. पैठणीच्या पदराचं जाकीट, इरकलीचा गुडघ्यापर्यंतचा झगा, नारायणपेठीचा लांब कोट आणि लग्नसराईत शिवलेली नऊवारी. शिवणवर्गातल्या मुलींनाही मी हेच सांगायचे, की परंपरा टिकवायची असेल तर तिला कात्री लावायला घाबरू नका. आज माझं मत तसं राहिलेलं नाही. ते कशानं बदललं, किती बदललं आणि त्यातलं काय अजून तसंच आहे, हे नीट मांडावं म्हणून लिहायला बसले आहे.

आधी त्या मताची बाजू सांगते, कारण ती कच्ची नव्हती. साडी नेसून दुचाकी चालवणं, गर्दीच्या लोकलमध्ये चढणं, मे महिन्यात परकर आणि ब्लाऊजवर साडेपाच मीटर कापड वागवणं यात केवढी दगदग आहे, हे रोज नेसणाऱ्या कुठल्याही बाईला विचारा. शिवाय कपाटात पडून राहिलेली साडीही सुखरूप नसते. जरीचा काठ काळवंडतो, घडीच्या रेषेवर रेशीम चिरतं. मग तिचं जाकीट होऊन ती कुणाच्या तरी अंगावर आली, तर वाईट काय, असं मी विचारायचे. त्यातलं ‘कापड वापरात राहू दे’ हे सूत्र मी आजही सोडलेलं नाही.

इतिहासही माझ्या बाजूचा वाटायचा. डाव्या खांद्यावर पदर, आत परकर आणि पोलकं ही आज सर्वांना साधी वाटणारी रीत फार जुनी नाही. सत्येंद्रनाथ टागोर हे सनदी सेवेतले पहिले भारतीय अधिकारी. त्यांची नेमणूक मुंबई इलाख्यात झाली आणि १८६४ मध्ये त्यांच्या पत्नी ज्ञानदानंदिनी देवी इकडे आल्या. पारशी बायकांची नेसण त्यांनी पाहिली, आपल्या सोयीनं तिच्यात बदल केले आणि ती बंगालात नेली. आपल्याकडेही शहरांतून नऊवारी लुगडं मागे पडत गेलं आणि गोल साडी आली. वर्गात हे सगळं सांगून मी म्हणायचे, बघा, प्रत्येक पिढीनं पोशाख बदलला म्हणून तो टिकला, आपणही तेच करतोय.

पहिली शंका आली ती माझ्याच कामाचे फोटो पाहताना. दुकानात लावायला जुन्या कामांतले निवडक फोटो काढत होते. पाहता पाहता जाणवलं, की शिवलेल्या प्रत्येक कपड्यावर त्याच्या त्याच्या सालाचा शिक्का आहे. जाकिटांची लांबी, कॉलरची उंची, पुढे आखूड आणि मागे लांब असा झग्याचा घेर, सगळं त्या त्या हंगामाचं. ‘आजचं’ म्हणून जे जे शिवलं होतं, तेच सगळ्यात आधी कालचं झालं होतं. काही जाकिटांच्या मूळ साड्यांचे फोटो मी कापण्याआधी काढून ठेवले होते. त्या साड्यांकडे पाहून मात्र साल सांगता येत नव्हतं.

मग घरचे अल्बम काढले. हा प्रयोग कुणालाही करता येईल. आईचा, मावशीचा, आत्याचा साध्या सुती साडीतला जुना फोटो घ्या. फुग्यांच्या बाह्या, बिनबाह्यांचं पोलकं, कोपरापर्यंत आलेली घट्ट बाही, पाठीवरची नाडी यातलं काही दिसलं की दशक ओळखता येतं. आता ब्लाऊजवर अंगठा ठेवा. केसांची ठेवण थोडीफार चुगली करील, पण चौकड्याच्या साडीतली ती बाई आज सकाळी कामाला निघालेली असू शकते. कपड्यावर काळ उमटतो तो कापणीत. खांदा कुठे संपवायचा, कंबर कुठे धरायची, बाही कुठे थांबवायची, हे शिवणाऱ्यानं एकदा ठरवलं की ते कायमचं ठरतं, आणि फॅशन सरकते ती नेमकी याच जागांवरून. न कापलेल्या साडीत हे निर्णय गोठवलेले नसतात. ते रोज सकाळी नेसणारी घेते.

पुरुषांच्या शिवलेल्या कपड्यांतही हेच दिसतं. सत्तरच्या दशकात इटलीच्या जॉर्जिओ अरमानी यांनी कोटाच्या खांद्यातला भराव आणि आतलं कडक अस्तर कमी केलं. कोट कोटच राहिला, पण तो सदऱ्यासारखा सैल पडू लागला आणि घालणाऱ्याला त्यात मोकळं वाटू लागलं. ती गोष्ट आजही जुनी वाटत नाही, कारण तिथे वजन बदललं होतं. पुढे ऐंशीच्या दशकात सगळीकडे खांदे रुंद होत गेले. ते कोट आज पाहिले की दशक लगेच कळतं, कारण तिथे बाह्यरेषा बदलली होती. आपल्याकडची बिनबाह्यांची बंडी पाहा. सदऱ्यावर, कुर्त्यावर, अगदी शर्टावरही ती आजोबांपासून नातवापर्यंत चालते. बाही नाही, लांबी कंबरेच्या थोडी खाली, गळा उभा. काळ पकडील अशा जागाच तिच्यात कमी.

याच सुमारास बँकेत नोकरी करणाऱ्या एक बाई माझ्याकडे येऊ लागल्या. त्या रोज सुती इरकल नेसतात. काळं किंवा पांढरं साधं ब्लाऊज, मनगटावर घड्याळ, बाकी काही नाही. मी उत्साहानं माझी जाकिटं त्यांच्यापुढे मांडली. त्यांनी ती हातात घेतली, उलटून शिवण पाहिली, कौतुक केलं आणि परत ठेवली. म्हणाल्या, “छान आहेत ताई, पण माझं काम वेगळंच आहे. परकराला खिसा लावून द्याल का? मोबाइल मावेल एवढा.”

तो खिसा मी बराच विचार करून शिवला. जाड सुती कापड, तळाला दुहेरी शिवण. खिसा परकराच्या पट्ट्याला फक्त वरून जोडला, म्हणजे साडी खोचून झाली की तो बाहेर उलटता येतो आणि उजव्या कमरेला पदराआड झाकला जातो. तोंड तिरकं घेतलं, म्हणजे बसताना फोन वर सरकणार नाही. पहिल्या वेळी नाडीच ठेवली होती, पण फोनच्या वजनानं ती एका अंगाला ओढली जाऊ लागली. मग नाडी काढून रुंद पट्टा आणि हूक केले. बाहेरून पाहणाऱ्याला यातलं काही दिसत नाही. साडी तीच, काठ तोच, पदर तोच. आणि त्या बाईंकडे पाहून ‘किती जुन्या वळणाच्या’ असं कुणाच्या मनात येणार नाही. त्या आजच्या दिसतात, कारण त्या साडीत त्यांचा आजचा दिवस सहज पार पडतो.

त्या खिशावरून मला आजीची कनवट आठवली. नऊवारीत कमरेला पैसे खोवायची ती जागा असायचीच. बाजारहाट, एसटीचं तिकीट, नातवंडांचा खाऊ, सगळं तिच्यातून निघायचं. ओच्यात शेंगा, कैऱ्या, रानातली भाजी यायची. गोल साडी आली तेव्हा कासोट्याबरोबर ही सोयही गेली आणि पर्स हातात आली. म्हणजे जिला मी सोयीच्या दिशेनं झालेली सरळ वाटचाल समजत होते, तिच्यात काही गमावलंही होतं. बँकेतल्या बाईंनी ते परत मिळवलं, साडीला कात्री न लावता.

यानंतर मी माझी जुनी उदाहरणं पुन्हा तपासली. ज्ञानदानंदिनी देवींनी काय बदललं? नेसण, आणि आतले कपडे. साडी कापली नाही. आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये अमेरिकेला गेल्या. पेनसिल्व्हानियाच्या थंडीत नऊवारीखाली पोटऱ्या उघड्या पडत, म्हणून त्यांनी गुजराती पद्धतीनं साडी नेसायला सुरुवात केली. १८८५ चा तो प्रसिद्ध फोटो बहुतेकांनी पाहिलेला असतो, जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या साबात इस्लांबुली यांच्यासोबतचा. तिघी वैद्यकाच्या विद्यार्थिनी, तिघी आपापल्या देशाच्या पोशाखात. पुढच्याच वर्षी आनंदीबाई डॉक्टर झाल्या. त्या काळात एका मराठी बाईनं केलेली ही सर्वांत नवी गोष्ट आणि ती त्यांनी साडीत केली. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांच्या कन्या इंदिराराजे कूचबिहारच्या महाराणी झाल्या. त्यांनी फ्रान्समध्ये साडीच्या मापाचं शिफॉन करवून घेतलं आणि राजघराण्यांत हलक्या साडीची रीत पडली. तिथे बदलला तो कापडाचा पोत आणि वजन. स्मिता पाटील मुंबई दूरदर्शनवर बातम्या द्यायच्या तेव्हा जीन्सवरच साडी गुंडाळून कॅमेऱ्यासमोर बसायच्या, ही आठवण त्यांच्याविषयी आवर्जून सांगितली जाते. तिथे बदलली सोबत.

ज्यांनी ज्यांनी साडी आपल्या काळात आणली, त्यांनी नेसण बदलली, वजन बदललं, आतले कपडे बदलले किंवा सोबतीला काय घ्यायचं ते बदललं. कापडाचा सलगपणा मोडला नाही. पुरावा तोच होता, मी त्यातून भलताच निष्कर्ष काढत आले होते.

तरीही हात थांबला तो इलकलला. आपण जिला इरकल म्हणतो तिचं हे गाव कर्नाटकात, बागलकोट जिल्ह्यात आहे. मी तिथे गेले होते ते एका कामाची बोलणी करायला. इरकलीचा लाल पदर, ज्याला आपण टोपपदर म्हणतो, तेवढाच मला मीटरवर विणून हवा होता, जाकिटांसाठी. विणकराच्या घरी ओसरीवर त्यांची सून ताणा जोडत बसली होती. इरकलीत अंगाचा ताणा वेगळा, काठाचा वेगळा आणि पदराचा वेगळा. अंग सुती आणि पदर रेशमी असेल तर सुती धाग्याची टोकं रेशमी धाग्याच्या टोकांत फास घालून अडकवायची, एकेक धागा, सगळ्या पन्हाभर, हातानं. या जोडणीला तिथे टोपटेनी म्हणतात. जोड एका साडीपुरता, म्हणून ताणाही एका साडीपुरता. साडी विणून उतरली की पुढच्या साडीसाठी पुन्हा सगळे फास. ती बाई बोलत होती आमच्याशी, पाहत होती दाराबाहेर खेळणाऱ्या पोराकडे, आणि बोटं मात्र एकही धागा न चुकवता पुढे सरकत होती.

विणकरांनी माझी मागणी ऐकून घेतली. “नुसता पदर विणून देतो की अक्का,” ते म्हणाले. “त्यात काय अवघड? पण मग जोड कशाला?”

त्यांचा प्रश्न व्यवहाराचा होता. नुसताच पदर हवा तर हे फास घालण्याची मेहनत कशाला करायची, एवढंच त्यांना म्हणायचं होतं. मला तो निराळ्या ठिकाणी लागला. मी समोरच्या साडीकडे नीट पाहिलं. गडद, जवळजवळ रिकामं अंग. अडीच ते चार इंचांचा काठ. आणि जोडाच्या रेषेवर रंग एकदम लाल होतो, त्यावर पांढऱ्या रेघा: कंगव्याचे दाते, किल्ल्याचा तट, ज्वारीचं कणीस, डोंगरांची रांग. फूल नाही, वेल नाही. रंगाचे मोठे सपाट तुकडे आणि त्यांच्यामध्ये काटेकोर रेषा. इरकलीची सगळी गंमत प्रमाणात आहे, किती मोकळी जागा सोडल्यावर किती लाल यायचा यात. मला तिच्यातला लाल तेवढा हवा होता. तो लाल ज्या मोकळ्या अंगामुळे उठून दिसतो, ते मी बाजूला काढायला निघाले होते. ती मागणी मी तिथेच मागे घेतली आणि दोन साड्या विकत घेतल्या.

जुना पोशाख आजचा कशानं वाटतो, याचं माझं पहिलं उत्तर मला तिथे मिळालं: मोजक्या गोष्टी आणि त्यांचं अचूक प्रमाण. अलंकरण काळाबरोबर जुनं होत जातं, प्रमाण होत नाही. महेश्वरची साडी पाहा. अहिल्याबाईंच्या काळापासून चालत आलेलं ते विणकाम. चटई, वीट, हिरा अशी किल्ल्याच्या आणि घाटाच्या दगडांवरून उचललेली नक्षी, बारीक रेघा, छोटे चौकडे आणि दोन्ही बाजूंनी नेसता येईल असा काठ. ती आज एखाद्या वास्तुविशारदाच्या कार्यालयातही शोभते आणि देवळातही. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस रिचर्ड आणि सॅली होळकर यांनी तिथे रेहवा ही संस्था उभी केली, तेव्हा तो व्यवसाय अगदी क्षीण झाला होता. त्यांनी रंग बदलले, ओढण्या आणि कापड विणायला सुरुवात केली, नव्या गिऱ्हाइकांपर्यंत माल नेला. विणीची भाषा तीच राहिली.

यातून दुसरं उत्तर मिळतं. बदल मागावर झाला तर तो मुरतो. दिल्लीच्या अब्राहम अँड ठाकोर या डिझायनर संस्थेनं हाउंडस्टूथ हा स्कॉटलंडच्या लोकरी कापडातला काळा-पांढरा दातेरी चौकडा दुहेरी इकतमध्ये विणून घेतला. म्हणजे ताणा आणि बाणा दोन्ही विणण्याआधीच बांधून रंगवायचे, आणि विणताना दाता दात्यावर बसवायचा. ती साडी लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमच्या संग्रहात आहे. नक्षी बाहेरची, कसब इथलं, आणि कापड सलग. असं काही पाहिलं की वाटतं, नवेपणासाठी विणकराची बुद्धी लागते, आणि तिचं काम मी माझ्या टेबलावर कात्रीनं करू पाहत होते.

नऊवारीबद्दल लिहिताना मला जपून लिहावं लागेल, कारण शिवलेल्या नऊवारीवर माझ्या दुकानाचं बरंच उत्पन्न अजूनही आहे. तिचे फायदे खरे आहेत. जिला नेसता येत नाही ती मुलगी दोन मिनिटांत तयार होते. नाचणाऱ्या, ढोल वाजवणाऱ्या, पाडव्याच्या शोभायात्रेत बुलेट चालवणाऱ्या मुलींना निऱ्या सुटायची धास्ती राहत नाही. मी ती शिवणं थांबवलेलं नाही. पण ती नऊवारीचं आधुनिक रूप आहे, असं मी आता म्हणत नाही. नऊवारी हा दोन पायांत विभागलेला, हात मोकळे ठेवणारा, कामाचा पोशाख. शेतात भात लावताना बाई तो गुडघ्याच्या वर घेते, कोळीण बाजारात टोपली घेऊन चालताना घट्ट आणि आखूड ठेवते, आणि पूजेला बसताना तेच लुगडं घोट्यापर्यंत सोडता येतं. दिवस गेलेली बाई ते सैल करते, म्हातारपणी अंग आटलं तर आवळते. एका कापडात इतकी मापं सामावलेला दुसरा पोशाख मला माहीत नाही. शिवलेल्या नऊवारीत यातलं एक माप टाके घालून पक्कं केलं जातं, आणि तेही समारंभाचं. सोयीच्या नावाखाली तिची सर्वांत मोठी सोय मी काढून घेत होते.

म्हणून हल्ली शिवलेली नऊवारी न्यायला आलेल्या मुलीला वेळ असेल तर मी न शिवलेलं लुगडंही नेसून दाखवते. कासोटा कुठे घट्ट धरायचा आणि कुठे सैल सोडायचा, हे एकदा हाताला कळलं की भीती जाते. ऋता कपूर चिश्ती यांनी देशभर फिरून साडी नेसण्याच्या १०८ पद्धती नोंदवल्या आहेत. एका सलग कापडातून १०८ पोशाख निघतात, हे कळल्यावर एकशे नववा कात्रीनंच काढला पाहिजे, हा माझा हट्ट गळून पडला.

याचा अर्थ मी कापण्याच्या विरोधात गेले असा नाही. खण पाहा. इलकलपासून फार लांब नसलेल्या गुळेदगुड्डचा खण मुळातच चोळी बेतण्यासाठी विणलेला. पन्हा अरुंद, बुट्टी अगदी बारीक आणि जवळजवळ, दोन्ही कडांना काठ, म्हणजे बाहीच्या टोकाशी तो आपोआप यावा. त्याचा शर्ट करा, कुर्ता करा, पिशवी करा, पोराचं टोपरं करा. कुठेही कापलं तरी नक्षी तुटत नाही आणि कुठून सुरू झाली हेही कळत नाही. ते कापड कात्रीची वाट पाहतच मागावरून उतरतं. खणाची बाही साध्या पांढऱ्या सुती सदऱ्याला लावली, तर एवढ्या छोट्या गोष्टीनं तो सदरा खुलतो. गेल्या काही वर्षांत खणाचे जे नवे कपडे आले, त्यांच्याबद्दलचं माझं प्रेम तसूभरही कमी झालेलं नाही.

पैठणीचं तसं नाही. तिच्या पदरावरचा मोर एकेका रंगाच्या तिल्लीनं, धाग्यात धागा गुंतवत विणलेला असतो. मागची बाजू पुढच्या बाजूइतकीच स्वच्छ असते. आणि तो मोर कुठे यायचा हे अंगावरून पडणाऱ्या पदराच्या हिशेबानं ठरलेलं असतं. त्याला जाकिटाच्या पाठीवर बसवलं की तो चित्र होतो. आणि चित्रच हवं असेल तर ते छापूनही मिळतं. ही गोष्ट मला सर्वांत जास्त टोचते. गल्लोगल्ली मिळणाऱ्या छापील ‘पैठण्या’ हेच सांगतात, की आपण नक्षीवर समाधान मानलं तर येवल्याच्या आणि पैठणच्या मागाची गरजच उरत नाही. देशात २०१९-२० च्या हातमाग गणनेनुसार ३५ लाखांहून अधिक माणसं हातमागाच्या कामावर होती आणि त्यांत बहुसंख्य बायका होत्या. त्यांची मजुरी टिकेल ती कापडाचा पोत, वजन आणि पडणं यांची ओढ असलेल्या गिऱ्हाइकांमुळे. ती ओढ अंगावर नेसल्याशिवाय लागत नाही.

तिसरं उत्तर मला दुकानातल्या आरशासमोर मिळालं. एकाच वेळी नथ, चंद्रकोर, ठुशी, तोडे, खोपा, गजरा आणि नऊवारी असं सगळं अंगावर आलं, की समोर उभी असलेली मुलगी झाकली जाते आणि एक ठरीव चित्र उभं राहतं. लग्नात, सणाला त्याचा आनंद आहे आणि तो घ्यावा. पण तीच मुलगी नुसती डाळिंबी इरकल, साधा पांढरा सदरा ब्लाऊजसारखा खोचून, कानात लहान कुड्या आणि पायात कोल्हापुरी घालून उभी राहिली, की आधी तिचा चेहरा दिसतो. जुन्याला श्वास घ्यायला जागा लागते. मी आता मुलींना सांगते, एका वेळी एकच जुनी गोष्ट ठळक ठेवा, बाकी सगळं आपल्या रोजच्या कपाटातलं घ्या. ज्या दिवशी साडी आणि मनगटावरचं घड्याळ एकाच बाईचे वाटतात, त्या दिवशी ती साडी आजची झालेली असते.

आणि एक गोष्ट, जिच्याबद्दल माझं मत अधिकच पक्कं झालं आहे. सक्तीनं नेसलेली साडी कधीच आजची वाटणार नाही. सून म्हणून, शिक्षिका म्हणून, ‘घरंदाज’ दिसायला हवं म्हणून ती अंगावर लादली जाते तेव्हा तिचा सगळा सलगपणा आणि सगळं प्रमाण वाया जातं. माझ्या आईच्या पिढीतल्या कितीतरी बायकांनी पंजाबी ड्रेस पहिल्यांदा घातला तेव्हा त्यांना जे मोकळं वाटलं, ते मी लहानपणी जवळून पाहिलं आहे. त्या आनंदाशी माझं काही भांडण नाही. उलट, आज साडी इतकी ताजी दिसू लागली आहे याचं एक कारण हेच आहे, की बहुतेक शहरी मुलींना ती नाकारण्याची मुभा मिळाली. बँकेतल्या त्या बाई रोज इरकल नेसतात, त्यांची मुलगी कधीच नेसत नाही, आणि दोघींचंही बरोबर आहे.

अजून एका प्रश्नाचं उत्तर माझ्यापाशी नाही. कपाटात पडून विरत चाललेल्या, कुणी नेसणार नाही अशा साड्यांचं काय करायचं? पदर फाटला आहे, अंग जागोजागी चिरलं आहे, नेसायला उलगडली तर हातात येईल, अशी साडी घेऊन माणसं येतात. तिथे कात्री हाच मार्ग आहे, आणि तिथे मी ती जराही न कचरता चालवते. तिचा जरीचा काठ नव्या कापडाला लावून देते. अडचण धडधाकट साड्यांची आहे. आई गेल्यावर तिची पैठणी कापून तिघी बहिणींत वाटून घ्यायची, असं ठरवून आलेल्या मुलींना मी काय सांगावं? त्यांच्या भावनेला मी नियम लावू शकत नाही.

पण धडधाकट साडी कापायला आलेल्या प्रत्येकीला मी आता एक विनंती आधी करते. ही साडी कामाच्या दिवशी नेसा, सणाला नको. ब्लाऊज नवं शिवू नका, कपाटात असलेलं साधं घाला. परकराला खिसा हवा असेल तर तो मी लावून देते, त्याचे पैसे घेत नाही. ऑफिसला जा, भाजी घ्या, रिक्षात बसा. कुठे अडतं, कुठे घसरतं, कुठे गरम होतं, ते मला येऊन सांगा. त्यातल्या बहुतेक अडचणी नेसण बदलून, परकर बदलून, पदर पिनेनं नीट बांधून सुटतात. चार-सहा वेळा असं करूनही ती साडी तुमची वाटली नाही, तर घेऊन या. मग टेबलावर ती दोघी मिळून उलगडू, आणि कुठे कापायची ते ठरवू.